दीड रामरक्षा

हिवाळा कुणाला कशासाठी आवडेल, काही सांगता येत नाही. कुणाला हुरडा आठवतो, कुणाला बाजरीच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा. आमच्या शेजारच्या गृहस्थांना तर लग्नातला कोट पेटीतून बाहेर काढता येतो एवढ्याचसाठी हिवाळा प्रिय आहे. माझे कारण ऐकलेत तर तुम्ही हसाल. मला हिवाळा आवडतो, कारण त्या दिवसांत आमच्या नळाला वीस अंशांचे पाणी येते.

या वीस अंशांची किंमत घरी फिल्म धुणाऱ्यालाच कळेल. फिल्म धुण्याची सारी कोष्टके वीस अंशांच्या पाण्यासाठी लिहिलेली असतात. आमच्याकडे वैशाखात नळाचे पाणी तिशी ओलांडते. तसल्या पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि चित्र पाहता पाहता काळवंडते. पण मार्गशीर्ष लागला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रात झळकू लागला, निफाडच्या द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटल्या, की समजावे, फिल्म धुण्याचा हंगाम आला.

हा नाद मला वारशाने मिळाला. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक होते. १९६८ साली त्यांनी पोटाला चिमटा काढून ‘आग्फा क्लिक थ्री’ घेतला. बडोद्याला तयार होणारा हा काळा डबा म्हणजे साधेपणाची कमाल! एका रोलवर बारा चौकोनी फोटो. शटरचा वेग एकच. ऊन असेल तर एक खूण आणि ढग असतील तर दुसरी. दहा फुटांच्या आत माणूस आले की पुसट झालेच म्हणून समजा. अण्णांना विकतचा डेव्हलपर परवडत नसे. ते तो स्वतः बनवीत. डी-७६ हे १९२७ पासूनचे प्रसिद्ध सूत्र त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर आहे : एक लिटर पाण्यात मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच आणि बोरॅक्स, म्हणजे आपली सवागी, दोन. हे दोन ग्रॅम ते सोनाराच्या काट्यावर तोलून आणीत. सोनार म्हणे, “मास्तर, माझ्या काट्यावर सोन्याखेरीज तुमचीच काय ती पूड चढते.”

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी तो डबा पुसून काढला. शटर अजून ‘टक्’ करीत होते. रोलही मिळाला; एकेका रोलला हजाराच्या घरात रुपये मोजावे लागतात, ते मी घरात सांगितले नाही. प्रश्न उरला डेव्हलपरचा. तालुक्याच्या गावी मेटॉल कोण देणार? तेव्हा मी कॉफीकडे वळलो.

ही थट्टा नव्हे. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रविद्या संस्थेत स्कॉट विल्यम्स या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसह कॉफी आणि धुण्याचा सोडा यांचा डेव्हलपर करून पाहिला. पुढे हौशी मंडळींनी त्यात क जीवनसत्त्वाची भर घातली. ‘कॅफेनॉल’ हे त्याचे नाव. पण नाव फसवे आहे. कॉफीतले कॅफीन इथे काहीच करीत नाही. काम करते ते तिच्यातले कॅफिक आम्ल. म्हणून भारी सुवासिक कॉफी इथे वाया जाते. स्वस्त, कडवट कॉफीच बरी. अर्ध्या लिटर पाण्याला सोडा सत्तावीस ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड आठ ग्रॅम, झटपट कॉफी वीस ग्रॅम. वीस अंश आणि पंधरा मिनिटे. या काढ्याचा वास मात्र कॉफीचा नसतो. कुजलेल्या कडब्याच्या गंजीत कुणी मासे विसरले तर जसा वास येईल, तसा तो असतो. आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी मला मोरीत हद्दपार केले.

आईला मात्र नवल वाटले नाही. तिचे वय पंचाऐंशी. “कॉफीनं फोटो?” एवढेच तिने विचारले. मी म्हटले, “आई, १८४१ साली इंग्लंडातल्या टॅल्बट साहेबानं फोटो उमटवायचं पेटंट घेतलं, ते गॅलिक आम्लावर. ते आम्ल कशात असतं ठाऊक आहे? तुझ्या गुटीतल्या मायफळात!” ती म्हणाली, “मग असेल. मायफळाचा उगाळा कापडावर पडला की डाग जात नाही.” साऱ्या शास्त्राचा निकाल तिने एका वाक्यात लावला.

आता खरे सांगतो. हा सारा खटाटोप आईसाठीच होता. अण्णांच्या आल्बमात पाहुणे आहेत, शाळेची मुले आहेत, आमची कपिला गायसुद्धा दोनदा आहे. आई नाही. एका फोटोत दाराआड तिचा अर्धा पदर दिसतो, इतकेच. मी एकदा कारण विचारले होते. म्हणाली, “माझी पाळी शेवटी असायची रे. आणि शेवटी रोल संपलेला असायचा.” तेव्हा मी ठरवले की बारांच्या बारा फोटो आईचे काढायचे, अण्णांच्याच कॅमेऱ्यातून, घरीच धुऊन.

पौषातली एक सकाळ मी हेरली. साडेआठचे ऊन अंगणात तिरपे येत होते, बंबाचा धूर त्यात निळा दिसत होता. हिवाळ्याचे हे ऊन फोटोसाठी फार गुणी; उन्हाळ्यासारखे डोळ्यांखाली काळे खड्डे पाडीत नाही. आईला मी ओसरीच्या पायरीवर बसवले. तिने शाल घेतली होती. नऊवारीचे काठ दिसावेत म्हणून मी ती काढायला लावली. वारा बोचत होता. माझ्याच श्वासाने भिंगावर वाफ धरे, ती पुसायची, दहा फूट मागे सरकायचे, चित्र ठरवायचे. पाऊण तास गेला. ती एकदाही ‘झालं का?’ म्हणाली नाही.

त्या रात्री दोन गोधड्यांखाली हात घालून मी रोल टाकीत चढवला, काढा ओतला, पंधरा मिनिटे मोजली, हायपोतून काढला आणि दिव्यासमोर धरला. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती! एकही चित्र नाही. कडेला कारखान्यातून उमटवलेले आकडे असतात, तेही नव्हते. म्हणजे कॅमेरा निर्दोष, दोष काढ्याचा. सकाळी सोड्याचा पुडा पाहिला तेव्हा उलगडा झाला. धुण्याच्या सोड्याऐवजी मी खायचा सोडा घातला होता. भजी फुलवायला तो ठीक. पण कॉफीला कामाला लावण्याइतका दाहकपणा त्याच्यात नाही.

रोल गेला त्याचे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी आई खोकू लागली, तिसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर म्हणाले, छातीत थंडी भरली आहे. पंचाऐंशीच्या बाईला काठांसाठी पाऊण तास उघड्या वाऱ्यात बसवणारा मी! आमची मंडळी काही बोलली नाही, आणि ते न बोलणेच मला फार लागले. बारा दिवस आई अंथरुणाला खिळली होती. रात्री मी उशाशी बसे. झोप येत नसे, म्हणून अण्णांची वही चाळीत असे. तिच्यात प्रत्येक रोलपुढे मराठी महिना आणि एक विचित्र खूण होती : ‘पौष – रा. १॥’, ‘फाल्गुन – रा. १’, ‘वैशाख – बर्फ, रा. १’. रा. म्हणजे कोणते रसायन, याचा मी पुष्कळ तर्क केला. कुठल्याच पुस्तकात ते सापडेना.

एका रात्री आईला थोडी हुशारी वाटत होती. मी सहज विचारले. ती हसली, आणि हसता हसता खोकली.

“अरे, रसायन कसलं? रामरक्षा! त्यांच्याजवळ तुझ्यासारखी टाकी होती का? दार लावून, मिट्ट काळोखात, तसराळ्यातून रोल दोन्ही हातांनी वरखाली करायचे. घड्याळ दिसणार कसं? मी दाराबाहेर बसून रामरक्षा म्हणायची. थंडीत दीड, एरवी एक. एक संपली की आतून विचारायचे, ‘झाली का?’ मी म्हणायची, ‘झाली, आता अर्धी.’”

मी वही मिटली. चाळीस वर्षे मी ज्या फोटोंकडे पाहत आलो, त्या प्रत्येकाला आईच्या आवाजाचे माप होते. ती त्यात नव्हती असे मी म्हणत होतो!

आई बरी झाली तेव्हा माघ लागला होता. मी कॅमेरा माळ्यावर ठेवून दिला होता. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तीच म्हणाली, “राहिलेला फोटो काढून टाक. पुढच्या थंडीचं कुणी सांगावं?” मला ते बोलणे आवडले नाही, पण खरे होते. नळाचे पाणीही आता कोमटाकडे झुकू लागले होते.

या वेळी घाई केली नाही. उन्हाने अंगण तापेपर्यंत थांबलो. शाल राहू दिली, वर कानटोपीही घालू लागलो, ती तिने काढून टाकली. धुण्याचा सोडा गावात मिळेना, तेव्हा खायचाच सोडा तव्यावर भाजला. तापला की तो उकळत्या पाण्यासारखा खदखदतो, त्यातली वाफ आणि वायू निघून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडा. शंभर ग्रॅमचे सुमारे त्रेसष्ट राहतात. तव्याबद्दल मला पुढे स्वतंत्र बोलणी खावी लागली.

संध्याकाळी दिवेलागणीला काढा तयार झाला. मी घड्याळ लावू लागलो, तोच आई मोरीच्या दाराशी पाट घेऊन बसली. “किती म्हणायच्या?” तिने विचारले. मी हिशेब केला : दीड रामरक्षेला अण्णांची बारा मिनिटे, तर पंधराला जवळजवळ दोन. “दोन,” मी म्हटले, आणि घड्याळ खिशात टाकले.

तिने डोळे मिटून सुरुवात केली. मी टाकी हळूहळू उलटीसुलटी करीत होतो. तिचा आवाज आता पूर्वीचा राहिला नाही. मध्येच दम लागे, एखादा श्लोक ती पुन्हा म्हणे. माझा हात दोनदा खिशाकडे गेला आणि दोनदा मी तो मागे घेतला. दुसरी रामरक्षा संपली तेव्हा वीस मिनिटे तरी होऊन गेली असावीत. पाच मिनिटे जास्त म्हणजे पुष्कळच. उजळ भाग दाट होतात, आभाळ बंद होते. हे सगळे मला ठाऊक होते.

आणि तसेच झाले. ओसरीपलीकडचे आभाळ निगेटिव्हवर काळेकुट्ट झाले होते, कॉफीचा तपकिरी डागही होता. पण ओसरीच्या सावलीत बसलेली आई त्या जास्तीच्या पाच मिनिटांत पुरती उमटली होती : शाल, काठ, गुडघ्यावरचे दोन हात. बारांपैकी नऊ फोटो साधले होते.

फिल्म वाळल्यावर मी ती खिडकीपाशी धरून आईला दाखवली. निगेटिव्हमध्ये पांढरे ते काळे दिसते, हे मी सांगायला विसरलो. तिने चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ पाहिले.

“अगं बाई,” ती म्हणाली, “केस काळे झाले की रे माझे!”

मी सांगणार होतो की, फोटो छापला की ते पांढरेच होतील. पण तिने माझा हात धरून फिल्म पुन्हा उजेडाकडे वळवली होती.

“हा असाच राहू दे,” ती म्हणाली. “त्यांनी काढला असता, तर असाच आला असता.”