प्रकाशावरून जनुकाचे मोजमाप

यकृतातील पेशी आणि मेंदूतील पेशी यांच्यातील जनुके जवळजवळ तीच असली, तरी त्यांपैकी कोणते जनुक किती प्रमाणात कार्यरत आहे यावर पेशीचे वेगळेपण ठरते. या कार्यरततेस जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात आणि ती बहुधा त्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणावरून अजमावली जाते. हा आरएनए नाजूक आणि अत्यल्प असल्यामुळे, टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या विकराच्या साहाय्याने प्रथम त्याची डीएनए-प्रत तयार करतात आणि मग पीसीआर या प्रक्रियेने, जीत प्रत्येक आवर्तनात प्रती जवळपास दुप्पट होतात, तिचे संवर्धन करतात.

मात्र सर्व आवर्तने संपल्यावर केलेली मोजणी फसवी ठरते, कारण तोवर घटकद्रव्ये संपत येतात आणि कमी-अधिक प्रमाणात सुरू झालेले नमुने सारख्याच पातळीवर स्थिरावतात. म्हणून रसेल हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नळीतच इथिडियम ब्रोमाइड हे रंजक घालून प्रक्रिया चालू असतानाच प्रकाश टिपण्याची वाट दाखवली. पुढे सायबर ग्रीन हे रंजक रूढ झाले. ते मोकळे असताना जेमतेम चमकते, परंतु दुपेडी डीएनएला बिलगताच निळा प्रकाश शोषून सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश उत्सर्जित करते. या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात.

हा प्रकाश ठरावीक पातळी ज्या आवर्तनात ओलांडतो, त्याचा आकडा जितका लहान तितका मूळ आरएनए अधिक. उपचाराआधी २४ आणि उपचारानंतर २१ असा आकडा आल्यास तीन आवर्तनांचा हा फरक २×२×२, म्हणजे आठपट वाढ सुचवतो. पण ज्याची अभिव्यक्ती स्थिर राहते अशा संदर्भ-जनुकाचा आकडाही तीननेच घसरला असेल, तर वाढ जनुकाची नसून दुसऱ्या नळीत आरएनए जास्त पडल्याची असते.

रंजकाला डीएनएचा अनुक्रम ओळखता येत नाही, ही या पद्धतीची खरी मर्यादा होय. दोन प्रायमर, म्हणजे संवर्धनाची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, एकमेकांना चिकटून वाढले तरी ते तितक्याच निष्ठेने उजळते. हे ओळखण्यासाठी अखेरीस तापमान हळूहळू वाढवून पेड कोणत्या अंशाला सुटतात हे पाहतात. या विलगनाच्या आलेखात अपेक्षित तापमानाला एकच शिखर दिसणे हे शुद्धतेचे लक्षण मानले जाते, तर कमी तापमानाला उमटलेले दुसरे शिखर बहुधा चिकटलेल्या प्रायमरांचे असते. शिवाय पेशीतील मूळ डीएनए शिरकाव करत नाही ना, हे तपासण्यासाठी डीएनए-प्रत बनवणारे विकर न घातलेली एक नळी सोबत चालवावी लागते.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिक’ (MIQE) मार्गदर्शक तत्त्वांनी हा सारा तपशील शोधनिबंधात नोंदवण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. संदर्भ-जनुकाची स्थिरता आणि विलगनाचा आलेख सोबत नसेल, तर ‘आठपट वाढ’ हा निष्कर्ष कितीही आकर्षक असला तरी तो पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.