एका संघाचा निरोप

मेलबर्न क्रिकेट मैदानाचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १९८१ साली पंचांच्या निर्णयाने संतापून गावसकर चेतन चौहानांना सोबत घेऊन तंबूकडे निघाले होते ते हेच मैदान, आणि त्याच सामन्यात कपिल देवने यजमानांना ८३ धावांत गुंडाळले तेही इथेच. परंतु हिवाळ्यात तिथे क्रिकेट नसते. तेव्हा राज्य असते ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा गडी. चेंडू पायाने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सोबत्याकडे द्यायचा. फेकायचा मात्र नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून आपल्या गड्याने पायाने मारलेला चेंडू गेला तर गोल, म्हणजे सहा गुण; बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच. एवढा हिशेब कळला की पुढचे सारे कळते.

माझे मामा १९९५ साली नोकरीनिमित्त मेलबर्नला गेले आणि तिथलेच झाले. त्यांच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. रविवार, २५ ऑगस्ट १९९६ रोजी ते मामांना रिचमंड आणि फिट्झरॉय यांच्या सामन्याला घेऊन गेले. मोसम संपत आला होता. गृहस्थांचा संघ फिट्झरॉय. त्याने सबंध मोसमात एकच सामना जिंकला होता. "मग जायचे कशाला?" असे मामांनी विचारले. गृहस्थ एवढेच म्हणाले, "घरच्या माणसाला पोचवायला जातो ना आपण, तसे."

कारण मेलबर्नमधला फिट्झरॉयचा तो शेवटचा सामना होता.

फिट्झरॉय ही मेलबर्नची जुनी, कष्टकऱ्यांची वस्ती. तिथला हा संघ १८८३ साली निघाला. १८९७ साली ज्या आठ संघांनी व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू केली त्यांतला हा एक. त्याने आठ अजिंक्यपदे मिळवली, आणि त्यांतले १९१६ सालचे तर मोठे मौजेचे आहे. महायुद्धामुळे त्या वर्षी चारच संघ उतरले. साखळीत फिट्झरॉय चौथा, म्हणजे शेवटचा आला, आणि अंतिम फेऱ्या जिंकून अजिंक्यही तोच ठरला! शेवटचे अजिंक्यपद १९४४ चे. शेजारच्या गृहस्थांनी ते लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिले होते.

पुढे दिवस फिरले. १९६६ नंतर ब्रन्सविक स्ट्रीटचे हक्काचे मैदान सुटले आणि संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळू लागला. पैसा आटला. नाउरू या पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटाच्या विमा कंपनीचे कर्ज डोक्यावर होते. त्यापायी १९९६ च्या मध्यावर संघाचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. नॉर्थ मेलबर्नशी एक होण्याची बोलणी फिसकटली. शेवटी ठरले, की मोसम संपल्यावर फिट्झरॉयने दूरच्या ब्रिस्बेन बेअर्स संघात विलीन व्हावे.

त्या रविवारी मैदानावर ४८,८८४ प्रेक्षक होते. सामना असा नव्हताच. रिचमंडचे गोल होत राहिले. अखेर फलकावर रिचमंडचे २८ गोल आणि १९ किरकोळ गुण, म्हणजे १८७. फिट्झरॉयचे ५ गोल आणि ६ गुण, म्हणजे ३६. तब्बल १५१ गुणांनी हार! मामा सांगतात, "ते म्हातारबाबा रिचमंडचे गोल मोजतच नव्हते. आपला गोल झाला की मात्र उठून उभे राहायचे आणि टोपी काढायचे. असे पाच वेळा उभे राहिले." पुढच्या रविवारी, १ सप्टेंबरला, दूर पर्थच्या सुबियाको मैदानावर फ्रीमँटलकडून ८६ गुणांनी हरून फिट्झरॉयचा त्या लीगमधला प्रवास संपला.

खरा प्रश्न यापुढे उभा राहतो. ब्रिस्बेनच्या संघाने फिट्झरॉयचा सिंह घेतला, 'ब्रिस्बेन लायन्स' असे नाव घेतले, 'मार्सेएझ'च्या चालीवरच्या संघगीताची ती चालही घेतली. २००१, २००२ आणि २००३ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे त्याने मिळवली. त्या तिन्ही विजयांत ख्रिस जॉन्सन हा मूळचा फिट्झरॉयचा खेळाडू होता. गृहस्थांची मुलगी ब्रिस्बेनचा झेंडा घेऊन नाचली. वडिलांनी मात्र दूरदर्शन संच लावलाच नाही. "माझा संघ गेला," ते म्हणत. "आपला सिंह जिंकला," मुलगी म्हणे. एकाच घरात दोन मते, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी!

यांत निष्ठावान कोण? मामांशी मी यावर पुष्कळ वाद घातला. मामा मुलीच्या बाजूचे. जे उरले ते जगवावे, असे त्यांचे म्हणणे. देश सोडून गेलेल्या माणसाला असेच वाटणार. आपली भाषा, आपले सण त्यांनीही नव्या मातीत असेच लावले आहेत. मला मात्र वडिलांचे वागणे उमगते. नाव आणि चिन्ह उचलून नेता येते. वस्ती, मैदान आणि शनिवारी एकमेकांना भेटणारी माणसे कशी नेणार? विजयाचा आनंद त्यांना नको होता असे नव्हे. तो उसना नको होता.

पण सर्वांत मोलाची मला वाटते ती त्या दिवशीची गर्दी. जिंकणाऱ्याच्या मागे जग धावतेच, त्यात नवल काय? हार ठरलेली असताना, उद्याची आशाही नसताना, आपला संघ शेवटचा पाहायला माणसे आली. परीक्षा, निवडणुका, नोकऱ्या या सगळ्यांत आपण फक्त निकाल पाहायला शिकतो. त्या प्रेक्षकांना निकाल आधीच ठाऊक होता, आणि तरीही ते आले.

फिट्झरॉय हे नाव पुसले गेले नाही. २००९ पासून ते हौशी खेळाडूंच्या संघटनेत पुन्हा खेळू लागले, आणि तेही ब्रन्सविक स्ट्रीटच्या त्याच जुन्या मैदानावर. तिथे हजारोंची गर्दी नसते. पण कठड्याला टेकून उभे राहणाऱ्यांत तो म्हातारा आणि त्याची मुलगी, दोघेही असत. निष्ठेची दोन्ही माणसे एका कठड्याशी उभी राहू शकतात, एवढे मला पुरेसे आहे.