मौन आणि संमति

आमच्या रत्नागिरीला मे महिना दोन खुणांनीं ओळखूं येतो: अंगाला चिकटणारा उकाडा आणि रस्त्यारस्त्यावर दरवळणारा हापूसचा वास. कॉलेजांना सुट्या असतात, उत्तरपत्रिका हातावेगळ्या झालेल्या असतात, आणि आपल्यावांचून जगाचें कांहीं अडत नाहीं हें कटु सत्य आम्हां प्राध्यापकांना वर्षांतून एकदां स्वस्थपणें अनुभवावयास मिळतें. आंब्याच्या कारखानदाराला मात्र याच महिन्यांत क्षणाची उसंत नसते. अढींत घातलेला आंबा कांहीं दिवस आपली वाट पाहतो. पिकल्यावर तो कोणाचीच वाट पाहत नाहीं.

गेल्या मे महिन्यांत एका रात्रीं नऊच्या सुमारास माझ्या पुतण्याला अशाच एका कारखान्यांतून तांतडीचें बोलावणें आलें. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, लोक ज्याला थोडक्यांत पीएलसी म्हणतात, त्या यंत्राचा तो वैद्य आहे. पिशवी खांद्याला लावून तो दारापर्यंत गेला, थबकला आणि म्हणाला, "काका, येतां का? तुमचं तर्कशास्त्र आमच्याकडे काय काम करतं तें दाखवतों."

त्यानें आपण होऊन मला कोठें चला म्हटल्याचें कित्येक वर्षांत घडलें नव्हतें. मीं लगेच सदरा चढवला.

पीएलसी दिसावयास अगदींच सामान्य. लोखंडी कपाटांत जाड शब्दकोशाएवढी एक पेटी; तिच्या एका अंगाला बाहेरून येणाऱ्या तारा, दुसऱ्या अंगाला बाहेर जाणाऱ्या, आणि प्रत्येक तारेपाशीं मोहरीएवढा एकेक दिवा. बाहेरून वर्दी येते: डबा आला, दार बंद आहे, हवेचा दाब पुरेसा आहे. पेटी साऱ्या वर्दी वाचते, पढविलेल्या नियमांवरून निष्कर्ष काढते आणि हुकूम सोडते: पट्टा चालूं दे, झडप मीट. मग पुन्हां पहिल्यापासून. ही प्रदक्षिणा सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत पुरी होते आणि रात्रंदिवस चालूं राहते.

पूर्वीं हेंच काम शेंकडों रिले करीत. मोटारीचा नमुना बदलला कीं कारखान्यांतील साऱ्या तारा उचकटून पुन्हां जोडाव्या लागत. अमेरिकेंत १९६८ सालीं जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागानें या त्रासावर तोड मागितली. रिचर्ड मोर्ले या अभियंत्यानें त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशीं अशा यंत्राचें टांचण लिहून ठेवलें होतें. त्याच्या बेडफर्ड असोसिएट्स या मंडळीचा तो ८४ वा उपक्रम, म्हणून यंत्राचें नांव पडलें ०८४. जुन्या वीजतंत्र्यांना नवी भाषा शिकावी लागूं नये यासाठीं नियमांची लिपि त्यांच्या ओळखीच्या आकृत्यांसारखीच ठेवली: दोन उभे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या, जणूं शिडीच. एका पायरीवर दोन अटी एकीपुढें एक मांडल्या तर त्यांचा अर्थ 'आणि'. एकीखालीं एक मांडल्या तर 'किंवा'. जॉर्ज बूलनें विचाराच्या नियमांवर १८५४ सालीं लिहिलेला ग्रंथ मी जवळजवळ तीस वर्षें शिकवीत आलों आहें. विजेच्या जोडण्या त्याच बीजगणितानें सोडवितां येतात हें क्लॉड शॅनननें १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत दाखविलें, हेंही मी दरवर्षीं वर्गांत सांगतों. पण बूल आंब्याचा रस डब्यांत भरतो, हें मीं त्या रात्रींच प्रथम पाहिलें.

आम्ही पोंचलों तेव्हां पट्टा बंद होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना वीस-पंचवीस बायका हात बांधून उभ्या होत्या. नियंत्रकाच्या कपाटाला कोणीं तरी लिंबू-मिरची बांधून ठेवली होती. मालक आमच्या अंगावरच आले.

"दहा मिनिटं चालतं कीं थांबतं, पंधरा मिनिटं चालतं कीं थांबतं! अहो, तुमचा प्रोग्रॅम बिघडलाय."

"प्रोग्रॅम काल होता तोच आज आहे," पुतण्या शांतपणें म्हणाला. "तो आपला आपण बदलत नाहीं. बदललं असेल तें बाहेरचं."

पट्टा थांबण्याचीं पांच कारणें संभवत होतीं: मोटारीवर पडलेला अधिक भार, उतरलेला हवेचा दाब, अडकलेले डबे, उघडें राहिलेलें जाळीचें दार आणि पट्ट्याच्या कडेनें बसविलेलीं थांबविण्याचीं लाल बटणें. अडचण अशी कीं एकदां पट्टा थांबला म्हणजे डबेही अडकतात आणि माणसें दारेंही उघडतात. मागाहून पाहूं जावें तर सारेच अपराधी दिसतात. त्यांतला पहिला कोण हें माणसाच्या डोळ्याला दिसण्याजोगें नसतें. पुतण्यानें आपला लॅपटॉप जोडून त्या शिडीला पांच नव्या पायऱ्या जोडल्या. त्यांचा अर्थ एवढाच: जी वर्दी प्रथम तुटेल तिची नोंद धरून ठेव, आणि एक नोंद झाली कीं बाकीच्यांना दार लाव. "ह्याला आम्ही फर्स्ट आउट म्हणतों," तो म्हणाला. मग त्यानें पट्टा चालूं करवला आणि आम्ही वाट पाहत बसलों. बाराव्या मिनिटाला पट्टा थांबला. नोंद होती ती लाल बटणांची.

बटण तर कोणींच दाबलें नव्हतें. सहा बटणें एकाच तारेंत एकापुढें एक ओंवलेलीं होतीं. त्यानें वीज बंद करून एकेका बटणाची पेटी उघडली. चौथ्या पेटींत खारी हवा आणि रोजच्या धुण्याचें पाणी यांनीं तांब्याची तार हिरवी करून टाकली होती. एक स्क्रू सैल झाला होता. पट्टा थरथरला कीं तार निमिषभर सुटे आणि पुन्हां टेंके. तेवढ्या निमिषांत पेटीच्या कित्येक प्रदक्षिणा होऊन जात, आणि तीमधील एका प्रदक्षिणेला बटणाची वर्दी सांपडत नसे.

तार कुजली होती. नवी ओढावयाची म्हणजे दीड तास तरी हवा होता. मालकांनीं मागल्या खोलींत रचलेल्या क्रेटांकडे बोट दाखविलें. फळ पूर्ण पिकलें होतें. "तीं दोन टोकं एकमेकांना जोडून टाका. जंपर मारा. आजची रात्र निघूं दे, सकाळीं काय तें करा."

"मालक, ह्या बायकांचे हात पट्ट्यावर असतात."

"पण बटण कोणीं दाबलंच नव्हतं! नुसती तार सैल झाली म्हणून यंत्रानं थांबायचं काय कारण?"

तेव्हां माझ्या पुतण्यानें जें सांगितलें तें मी अजून विसरलों नाहीं. तो म्हणाला, "तुम्हांला वाटतं, बटण दाबलं कीं आंत 'थांब' असा निरोप जातो. तसं नाहीं. न दाबलेलं बटण सारखं सांगत असतं, 'ठीक आहे, ठीक आहे.' दाबलं कीं तें सांगणं बंद होतं, आणि तें बंद झालं कीं यंत्र थांबतं. मग बटण दाबलेलं असो, तार तुटलेली असो, नाहीं तर उंदरानं कुरतडलेली असो. यंत्राला एवढंच कळतं कीं 'ठीक आहे' असं कोणी म्हणत नाहीं. उलट जोडणी केली असती, तर तार तुटल्याचं कोणालाच कळलं नसतं. कळलं असतं तें एखादीचा हात अडकून तिनं बटण दाबल्यावर."

मालक गप्प झाले. बायकांतली एक वयस्क बाई पदरानें हात पुसत म्हणाली, "म्हंजे ती तार आमच्यासाठीं हाय तर."

जंपर मारला गेला नाहीं. नवी तार ओढून पट्टा चालूं होईपर्यंत साडेबारा वाजले, कांहीं क्रेट फळ वायां गेलें, आणि त्या नुकसानीबद्दल मालकांनीं जें सुनावलें तें पुतण्यानें मान खालीं घालून ऐकून घेतलें. मी एका लांकडी खोक्यावर बसून होतों. माझें लक्ष त्या बोलण्याकडे नव्हतें.

'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन आपणां मराठी कुटुंबवत्सल माणसांच्या रक्तांत भिनलें आहे. घरांत कोणी बोललें नाहीं म्हणजे सर्वांना मान्य आहे, हा आपल्या संसाराचा आधारस्तंभच. मी तर तर्काचा प्राध्यापक; नकाराच्या अभावावरून होकार सिद्ध होत नाहीं हें मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल! आणि तरीही माझ्या घराची जोडणी उलटीच होती.

माझे थोरले बंधु वारले तेव्हां हा मुलगा दहावींत होता. त्याचें शिक्षण माझ्याकडे आलें. घरांतल्या रेडिओचे, पंख्यांचे तुकडे करून तो पुन्हां जोडीत बसे, त्याला मीं पोरखेळ समजलों. माझ्या नजरेखालीं राहील म्हणून त्याला कला शाखेला घालण्याचें मीं एका रात्रीं जेवतांना जाहीर केलें. तो पानांतल्या भातावर बोटानें रेघा ओढीत राहिला. मीं वहिनींकडे पाहिलें. "तुम्ही सांगाल तें," त्या म्हणाल्या. त्या तरी दुसरें काय म्हणणार? पण आतां कळतें, त्या माउलीनें तीं दोन टोकें बाहेरच्या बाहेर जोडून दिलीं होतीं. मुलाकडून येणारी तार तुटली आहे हें मला कळण्याची तीच एक वेळ होती. पुढें दोन वर्षें फुकट गेलीं. नापास झाल्याचा कागद माझ्या टेबलावर ठेवून त्यानें आपला आपण शासकीय तंत्रनिकेतनाचा अर्ज भरला. त्यानंतरही तो दिवाळीला पायां पडे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देई. स्वतः मात्र मला कधीं कांहीं विचारीत नसे. मी समजत आलों, सर्व ठीक आहे.

'सर्व ठीक आहे' हा निरोप खोटा असूं शकतो, हें यंत्रांच्या जगानें फार महागांत शिकून घेतलें आहे. २०१० सालीं उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातकी प्रोग्रॅमनें इराणांतील नतान्झ येथील यंत्रांच्या नियंत्रकांत शिरकाव केला होता. तीं यंत्रें भलत्याच वेगानें फिरून मोडत होतीं, आणि देखरेख करणाऱ्यांच्या पडद्यावर पूर्वींचे सुरळीत आंकडे झळकत होते. त्या कामीं मोठी कारस्थानी बुद्धि खर्चीं पडली असली पाहिजे. घरांत तेंच साधावयास एक सज्जन काका आणि एक सोशीक आई पुरेशी होते.

परततांना दीड वाजून गेला होता. भाट्याच्या बाजूनें खारा वारा येत होता. गाडींत मीं एकदम विचारलें, "तेव्हां तूं कांहींच कां बोलला नाहींस रे?"

केव्हां, हें त्यानें विचारलें नाहीं. बराच वेळ तो समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला.

"तुम्हीं विचारलं नव्हतंत, काका," तो म्हणाला. थोड्या वेळानें पुन्हां म्हणाला, "आणि विचारलं असतंत तरी कदाचित् बोललों नसतों. पंधरा वर्षांचा होतों."

"चुकलंच माझं," मी म्हणालों.

तो कांहीं बोलला नाहीं. जुन्या संवयीनें मी त्या मौनाचा सोयीचा अर्थ लावून खिडकीकडे मान वळविणार होतों. मग मात्र पुन्हां विचारलें, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. घराच्या वळणावर त्यानें गाडी हळू केली. "बाकीच्या पांच पेट्या उद्यां दिवसाउजेडीं बघायच्या आहेत. साडेसातला निघेन. येणार का?"