शुक्रवारची संध्याकाळ तुझी

चि. सौ. सूनबाईस,


एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे. समोर बसून बोलले असते, तर ‘बघू हो आई’ म्हणून तू उठली असतीस आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडायला घेतली असतीस. नंदुरबारच्या वाटेवर निवांतपणा मिळेल तेव्हा हे वाच.

परवा तू म्हणालीस, डिसेंबर सगळा टूरचा आहे, मधले जे दिवस घरी मिळतील ते पिल्लूचे आणि घराचे, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पुढच्या वर्षी पाहू. तुझ्या या ‘पुढच्या वर्षी’ला लग्नाइतकीच वर्षं झाली.

तुझ्या फिरतीबद्दल माझ्या मनात किंतु नाही, हे आधी सांगते. धुळे, नंदुरबार, शहाद्याच्या दवाखान्यांत तू डायलिसिसची यंत्रं बसवतेस, तिथल्या मुलींना ती चालवायला शिकवतेस. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास त्या यंत्राला जोडून राहावं लागतं. जवळ सोय नसेल तर त्यासाठी नाशिक नाहीतर सुरत गाठायची, म्हणजे माणसाची आणि त्याच्या घरच्यांची रोजीरोटीच बुडाली. म्हणून तू बॅग भरतेस तेव्हा मला अभिमान वाटतो.

मला खुपतं ते तुझं परत येणं. रात्री उशिरा उतरतेस, तोंड धुतेस आणि लगेच कपड्यांची टोपली, शाळेची वही, राहिलेलं दळण. जणू बाहेर काढलेला प्रत्येक दिवस घराला व्याजासकट परत करायचा आहे. तुझा नवराही अंबडहून रात्रपाळी करून येतो. आंघोळ करतो, झोपतो. त्याला कोणी हिशेब विचारत नाही आणि तोही स्वतःला विचारत नाही. त्यानं झोपू नये असं मी म्हणत नाही. तू या घराचं काहीही देणं लागत नाहीस, एवढंच मला म्हणायचं आहे.

तू गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण केलेली मुलगी. या घरात आलीस तेव्हा कणीक मळताना भीमपलास गुणगुणायचीस. आता ते ऐकू येत नाही. घर शांत झालं म्हणून कोणाला बरं वाटत असेल, मला वाटत नाही.

गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडे शिकायच्या तेव्हा हुबळीहून संध्याकाळच्या गाडीनं कुंदगोळला जायच्या आणि रात्री शेवटच्या गाडीनं परत यायच्या. घरी लहान मुलं, आणि कमावण्याची जबाबदारीही त्यांच्यावर. बाईमाणूस रात्री-बेरात्री गाणं शिकून येते म्हणून लोक टोमणे मारत. त्याच गुरूंकडे तेव्हा भीमसेन जोशी शिकत होते; तालीम संपली की गंगूबाईंना स्टेशनपर्यंत पोहोचवायला ते जात. मला ही आठवण फार आवडते. पुढे गंगूबाईंची मुलगी कृष्णा त्यांच्या मागे बसून सूर देऊ लागली. आईनं गाडी धरली नसती, तर त्या मुलीला कोणतं गाणं ऐकायला मिळालं असतं?

आणि भीमसेन स्वतः! गाण्याच्या ओढीनं अकराव्या वर्षी गदगहून घर सोडलेला मुलगा. गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकला आणि शेवटी घराजवळच्या कुंदगोळलाच गुरू सापडले. पुढे आज इथे तर उद्या तिथे अशी त्यांची विमानं सुरू झाली, तेव्हा पु. लं.नी त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हटलं. इतकी फिरती, तरी 1953 साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या महोत्सवासाठी ते डिसेंबर राखून ठेवत. उरलेल्या वेळात बसवायचं म्हटलं असतं, तर सवाई दोन वर्षंही चालली नसती. पूर्वी रात्ररात्र जागून ऐकलेली सवाई ध्वनिक्षेपकाच्या नियमानंतर दहाला थांबू लागली. पहाटेचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे राहिले, याची मला अजून हळहळ वाटते. पण वेळा बदलल्या, दिवस बदलले, मांडव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला, आणि गाणं चालू राहिलं.

तू म्हणशील, गाण्यासाठी पुण्याला कशाला, आपल्या नाशिकला काय कमी आहे? काहीच कमी नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर अखेरच्या वर्षांत आमच्या पंचवटीत राहिले. 1921 साली त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, आपले डी. व्ही., नाशकातच जन्मले आणि जेमतेम चौतिसाव्या वर्षी गेले. तू दिलेल्या परीक्षा ज्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, ते विष्णु दिगंबरांच्याच शिष्यांनी उभं केलेलं. दिवाळीत पिंपळपारावर पाडवा पहाट होते, पहाटेच्या गारव्यात नेहरू चौकातला रस्ता माणसांनी भरून जातो. यंदा आपणही गेलो. गायक आलापीत होते आणि तू घड्याळ पाहून उठलीस, कारण फराळाला पाहुणे येणार होते. घर दहा मिनिटांवर असलं की कान अर्धा घराकडेच राहतो. म्हणून गावाबाहेर जायला हवं. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव मागे पडावं, चाकणच्या गर्दीत तास मोडावा, म्हणजे तिथं पोचल्यावर लगेच परत फिरता येत नाही आणि माणूस एकदाचा मांडी घालून बसतो.

तर आता ठरलंय ते ऐक. तुझं नगरचं काम गुरुवारी संपतं. शुक्रवारी सकाळी नाशिकला यायचं नाही. नगरहून थेट पुण्याची गाडी धर. माझी बहीण सहकारनगरला आहे, मांडवापासून जवळच. सामान तिच्याकडे टाक आणि दुपारी जाऊन भारतीय बैठकीत पुढची जागा पकड. ती संध्याकाळ तुझी एकटीची. आम्ही फोन करणार नाही आणि तूही करू नकोस. पिल्लू जेवला का, हे विचारायचं नाही. तो जेवलेला असेल. त्याचा बाप वरणभात उत्तम लावतो, तू घरी असलीस की विसरतो इतकंच.

शनिवारी पहाटे आम्ही तिघं निघू. पिल्लूच्या बाईंशी मी बोलले आहे, एक दिवस शाळा बुडेल. तो पूर्ण मैफल बसणार नाही, हे मला माहीत आहे. एक राग ऐकेल, मग वडापाव मागेल, मग तुझ्या मांडीवर झोपेल. त्याला उठवून ऐकवायचं नाही. माझे गुडघे खाली बसू देत नाहीत, मी खुर्चीवर मागे असेन. रविवारी दुपारी निघून रात्री घरी. सोमवारी जळगाव आहे तुझं, तुझी ती बॅग मी आधीच भरून ठेवते.

तिकिटं माझ्या पेन्शनमधून काढायची ठरवलं आहे, त्यावर वाद घालू नकोस. तुझी निळी शाल कपाटात वरच्या कप्प्यात होती, ती नगरच्या बॅगेत घालते. मुकुंदनगरला संध्याकाळी चांगलीच थंडी पडते.

तुझी,
आई