पाचूबंदरला, बोटींच्या पोटाखाली

आचोळ्यात राहून समुद्र दिसत नाही. दिसतं ते आचोळे रोडचं ट्रॅफिक. म्हणून मी नालासोपाऱ्याहून एकच स्टेशन, वसई रोडला उतरते आणि रिक्षानं पाचूबंदर गाठते. तेही भर पावसाळ्यात! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बऱ्याच बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि एरवी पाण्याखाली दडलेलं सगळं उघड्यावर.

तळाला पांढरे, धारदार बार्नेकल. दिसायला शिंपले, पण जात खेकडे-कोळंबीची. डोक्याकडून चिकटतात ते कायमचेच. तळ खरखरीत झाला की बोट मंदावते, डिझेल जास्त जळतं. मग खरवडा, रंगवा. कमाई बंद असतानाच हा खर्च येतो.

पंख्याची भानगड तर भन्नाट. खाऱ्या पाण्यात पितळ आणि लोखंड जोडलेलं असलं की बॅटरीच तयार होते, आणि लोखंड झिजतं. उपाय? जस्ताचा ठोकळा. लोखंडाऐवजी तो झिजतो. संपत आला की नवा बसवायचा. (आपल्या ऑफिसातही असा एकजण असतोच.)

जायचं तर जुलै संपायच्या आत जा. नंतर बोटी पाण्यात, आणि बघायला फक्त वरचा रंग.