साठीनंतरची जीप

साठी उलटल्यावर माणसाने काठी घ्यावी, कानटोपी घ्यावी, फार तर एखादा विमा घ्यावा. पण जुनी जीप घेऊ नये, यावर आमच्या घरात सर्वांचे एकमत होते. थोरल्या चिरंजीवांनी तर "बाबा, तुम्हांला झालंय तरी काय?" असे फोनवरून तीन वेळा विचारले. मला काहीच झाले नव्हते. झाले होते ते राजापूर तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित दोन एकरांना आणि तिथे एकट्याने राहणाऱ्या आमच्या काकांना.

काकांचे वय ८१. ठाण्याला राहायला या म्हटले की ते म्हणतात, "अरे, तुमच्या त्या सातव्या मजल्यावर मी पाय कुठे टेकू?" डांबरी रस्त्यापासून त्यांच्या घरापर्यंतची पाणंद दीड किलोमीटर आणि घरामागून वर सड्यावर जाणारी चढण आणखी अर्धा किलोमीटर. पाणंदीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल. चढणीवर बाराही महिने सुटे जांभे दगड. सड्यावर आम्ही हापूसची ६० कलमे लावली आहेत. कलमाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. पण घरची विहीर मार्चअखेर तळ दाखवू लागते. टँकर मिळतो, मात्र तो डांबर सोडून एक पाऊल पुढे यायला तयार नसतो.

रिक्षाचेही तेच. काकांना एका श्रावणात थंडी वाजून ताप भरला तेव्हा रिक्षा डांबरावरच थांबली, आणि वाडीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून, पाणंदीतून बाहेर काढले. काका बरे झाले. "चौघांनी उचललं आणि परत आणूनही सोडलं, हे विशेष!" असा विनोद ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मला मात्र त्या विनोदाला हसता येत नाही.

तर गाडी हवी होती ती या दोन कामांसाठी. पैसे होते अडीच लाख, आणि तेही माझे नव्हेत. आमच्या हिने ३० वर्षे शिकवण्या घेऊन ते जमवले होते. नवी, चारही चाकांना जोर देणारी गाडी दहा लाखांच्या आत येत नाही. तेव्हा जुनी घेणे भाग होते. हिने पासबुक माझ्या हातात दिले आणि एवढेच म्हटले, "अहो, घ्या, पण हिशेबाने घ्या."

हिशेब मला येतो. आयुष्यभर दुसरे केले काय! गाडीच्या जाहिराती पाहण्याआधी मी कागद घेऊन बसलो. ६० कलमे, प्रत्येकाला २० लिटर, म्हणजे एका पाळीला १२०० लिटर पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ४०० लिटरची टाकी धरली तर तीन खेपा. पाणी ४०० किलो, लहान ट्रेलर २०० किलो. टोचन लावून ओढायचे ओझे ६०० किलो. लहान ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात. असा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाहून जड असू नये, हा जाणत्यांचा दंडक. चढताना ओढण्याचे काम इंजिन करते हो. पण उतरताना तेच ओझे मागून ढकलू लागते, तेव्हा इंजिनाची बढाई कामाला येत नाही, गाडीचे वजन आणि ब्रेक कामाला येतात. म्हणजे आम्हांला निदान १२०० किलोंची गाडी हवी होती. रिकाम्या गाडीचे वजन आर. सी. बुकात छापलेले असते. इतकी वर्षे लोक ते बुक जवळ बाळगतात, पण त्या ओळीवर कुणाची नजर जात नाही.

हा कागद झाल्यावर पुष्कळशा गाड्या आपोआप गळाल्या. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली, तेव्हापासून डोंगरी वाटांवर तिचे नाव आहे. हलकी, चपळ, चिखलावरून बदकासारखी तरंगत जाणारी. पण तिचे वजन जेमतेम एक टन. सहल असती तर मी तीच घेतली असती. पाण्याला ती पुरी पडणारी नव्हती. दुसरी जोंगा. निसानच्या नमुन्यावर जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून ३० वर्षे ती तयार होत होती. ताकद अशी की ट्रेलरच काय, आमचे घरही ओढून नेईल. पण इंजिन जवळजवळ ४ लिटरचे आणि तेही पेट्रोलचे. कलमांपेक्षा तीच जास्त पिणार! तिसरी जात मोठ्या, वातानुकूलित, बटण दाबले की फोर-व्हील लागणाऱ्या गाड्यांची. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या अशा गाड्या कधीकधी जुन्या जीपच्या भावात मिळतात. चिरंजीवांचा ओढा तिकडे होता.

येथे आमच्या हिने एकच प्रश्न विचारला, आणि दोन महिन्यांचा माझा अभ्यास एका बाजूला राहिला. ती म्हणाली, "ही गाडी पाणंदीत बंद पडली, तर उघडणार कोण?"

मी काकांच्या ओळखीच्या, तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, बटणवाली आणलीत तर ती बघायला मला कुणाला तरी रत्नागिरीहून बोलवावं लागेल. जीप आणलीत तर रात्री दोनला उठवा."

याला कारण आहे. जीप मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. रणांगणावर शिपायानेच दुरुस्त करावी, अशी ती साधी. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जुळवायला घेतल्या आणि पुढे त्या इथेच घडू लागल्या. १९८०च्या दशकात आलेल्या त्यांच्या एम.एम. ५४० जीपला प्यूजोचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन होते. नंतरच्या काही जीपांना ट्रॅक्टरच्या इंजिनाशी नाते सांगणारे इंजिन बसले. म्हणून आजही लहान गावात जीपचे इंजिन डोळे मिटून उघडणारा माणूस भेटतो. स्वस्त गाडी म्हणजे घेताना स्वस्त नव्हे. बंद पडल्यावर स्वस्त, हे सूत्र मी त्या दिवशी कागदाच्या शिरोभागी लिहिले.

मग आम्ही गाड्या पाहत हिंडलो. मिस्त्रींना एस. टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी देऊन सातारा-कोल्हापूरपर्यंत सोबत नेले. अडीच लाखांच्या व्यवहारात तो सर्वांत शहाणा खर्च ठरला. पहिली जीप लालभडक, नुकती रंगवलेली. मी पुढून पाहत होतो, तोवर मिस्त्री उताणे होऊन खाली शिरले. लहान हातोडीने चासीवर टकटक करीत गेले. टणटण आवाज येत होता, तो मागच्या पाट्यांच्या कड्यापाशी एकदम फुसका झाला. रंगाखाली लोखंड नव्हते, गंजाचा पापड होता. ट्रेलरचा हूक नेमका याच मागच्या भागावर बसतो. दुसऱ्या गाडीच्या इंजिनावरचा नंबर आणि बुकातला नंबर यांची ओळखदेख नव्हती. तिसरी मूळची दोन चाकी जोराची. कुणी तरी मागाहून पुढचे हौसिंग बसवून ती फोर-व्हील केलेली. गाडी छान चालत होती. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, बुकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी प्रथम तेच बुक उघडते. तिला नमस्कार केला. चौथीच्या पाठीवर "फोर बाय फोर" ही अक्षरे होती. खाली पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नव्हता. अक्षरे बाजारात मिळतात.

पाचवी जीप पाहिली तेव्हा मी तोंड फिरवले. हिरवा रंग उडालेला, एका बाजूला पोचा, ताडपत्रीला ठिगळे. पण मिस्त्री खालून बाहेर आले ते हसत. चासी सगळीकडे टणटणीत. पुढच्या चाकांचे गुडघे कोरडे, म्हणजे आतले तेल बाहेर येत नव्हते. फोर-व्हीलच्या पेटीतले तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरल्याची खूण. शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहिले, खडखड नाही. नोंदणीची तीन वर्षे शिल्लक होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, त्यामुळे जुन्या गाडीत ही शिल्लकही किमतीत धरावी.

मग खरी परीक्षा. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी लहान दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना जोर मिळतो, दुसऱ्याने गती दोन-अडीचपट कमी होऊन ओढ तितकीच वाढते. पुष्कळ मंडळी हे दांडे डांबरी रस्त्यावर लावून दाखवतात. तसे करू देऊ नये. वळताना पुढची चाके मागच्यांहून लांबचा फेरा घेतात. मातीत चाक किंचित घसरून तो हिशेब मिटवते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, आणि ताण सगळा आतल्या दात्यांवर पडतो. आम्ही जीप नांगरलेल्या शेतात नेली. दांडे लावले. मिस्त्री बाहेर उकिडवे बसून पाहत होते. पुढची चाकेही माती मागे फेकू लागली तेव्हा त्यांनी मान हलवली. नंतर एका तीव्र उतारावर, हळू गतीत, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता जीप खाली सोडली. दांडा झिजलेला असेल तर तो अशा वेळी आपण होऊन निसटतो. तो निसटला नाही.

मालकाला गाडी विकताना वाईट वाटत होते. मला ती घेताना तेवढाच धीर आला. १ लाख ९० हजारांना व्यवहार ठरला. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच दिवशी सह्या करून घेतले. टायर, क्लच-प्लेट, सगळी तेले आणि सील यांना ३५ हजार लागले. जुना ट्रेलर कागदपत्रांसह २४ हजारांना मिळाला. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. हिने वहीत आकडे मांडले आणि म्हणाली, "हजार रुपये उरले. साखळी घ्या." हूक निसटला तर ट्रेलर धरून ठेवणारी जादा साखळी आमच्या जीपला आहे, ती तिच्या हजारातली.

चैत्र-वैशाखात पाण्याच्या खेपा झाल्या. टाकी एक तर पूर्ण भरावी, नाही तर पूर्ण रिकामी न्यावी, हे पहिल्याच आठवड्यात आम्ही ठरवून टाकले; अर्धवट टाकीतले पाणी वळणावर हिंदकळते आणि ट्रेलरलाही हिंदकळवते. टाकी चाकांच्या किंचित पुढे बसवली, म्हणजे ओझ्याचा साधारण दहावा हिस्सा हुकावर राहतो आणि ट्रेलर शेपूट हलवत नाही. चढणीवर जीप माणसाच्या चालीने चढते. शेजारून वाडीतली पोरे तिच्याशी गप्पा मारीत चालतात. ६० पैकी ५७ कलमे पावसाळ्यापर्यंत पोचली.

आणि जुलैत, आम्ही गावी असतानाच, काकांना एका रात्री दम लागला. बाहेर धारा लागलेल्या. चारही चाकांचा जोर म्हणजे काही जादू नव्हे; समोरासमोरची एकेक चाके चिखलात गरगर फिरू लागली तर चारचाकी जोराची गाडीही अडकते. म्हणून घाई न करता, दांडे पाणंदीच्या तोंडाशीच लावून, मी जीप चाकोरीच्या कडेकडेने नेली. ही मागे काकांना धरून बसली होती. दीड किलोमीटरला २० मिनिटे लागली. डांबर आले, दांडे सोडले, आणि पाऊण तासात काका दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

चौथ्या दिवशी काका घरी परतले. पाणंदीत जीप नेहमीच्या चालीने हेंदकाळत निघाली, तेव्हा चिरंजीव फोनवर मला विचारीत होते की, हिच्याहून थोडी वेगवान गाडी मिळाली नसती का? काकांनी ते ऐकले. माझ्या हातून फोन घेऊन म्हणाले, "बाळा, हीच राहू दे. एवढ्या घरात माझ्या चालीने चालणारी ही एकटीच आहे."