मतपत्रिकेवर चिन्ह नसतं तेव्हा

मंडळी, डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक झाल्यापासून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडलं की शेवट मीच करतो. "पालिकेतून पक्ष हाकलून लावले पाहिजेत." चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, बाररूममध्ये (वकिलांच्या, गैरसमज नको), सगळीकडे हेच. गटाराला कुठला आलाय पक्ष, पाण्याच्या टाकीला कशाला हवं चिन्ह, असा एकूण सूर. वैताग समजतो. जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती काढली, आणि एकदाची निवडणूक लागली तर अर्धा प्रचार मुंबईतल्या भांडणांवर. आपल्या बंद पडलेल्या पथदिव्यांबद्दल बोलायला कोणालाच वेळ नव्हता.

पण हा प्रयोग जगात कोणी केलाच नाही, असं नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य शहरांत महापौर आणि सिटी कौन्सिलची निवडणूक कागदोपत्री पक्षाविना होते. राष्ट्राध्यक्षापासून काउंटीच्या शेरीफपर्यंत नावापुढे पक्ष लिहिणारा हा देश, शहराच्या मतपत्रिकेवर मात्र बहुतेक ठिकाणी नुसतं नाव. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियासारखे अपवाद आहेत, पण ते अपवाद.

मला हे कळलं ते माझ्या मावसभावामुळे. तो कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये राहतो. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, 2020 च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या थोडं वर लोकसंख्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरहून जरा लहानच. लष्कराचं मोठं ठाणं आहे, हवाई दलाची अकादमी आहे, चर्च भरपूर. शहर ज्या एल पासो काउंटीत येतं, तिने 1964 नंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिलेला नाही. एवढा पक्का रिपब्लिकन गड.

दादाला नागरिकत्व मिळाल्यावर शहराची पहिलीच निवडणूक आली ती एप्रिल 2023 ची. तिथे मतपत्रिका टपालाने घरी येते. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून त्याने मला व्हिडिओ कॉल लावला. "अरे, महापौराला बारा नावं आहेत. एकासमोरही काही लिहिलेलं नाही. ओळखायचं कसं?" मी विचारलं, पक्षाचा माणूस स्लिप वाटत फिरत नाही का? मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, इथे स्लिप नाही, रोज डझनभर कार्डं येतात पोस्टाने. सगळ्यांवर तोच डोंगर आणि तेच कुटुंब."

तर, बारा उमेदवार. नियम असा की पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. पहिल्या फेरीत सर्वांत पुढे निघाले येमी मोबोलाडे. मूळचे नायजेरियाचे, शिक्षणासाठी अमेरिकेत आलेले, 2017 मध्ये नागरिक झालेले. शहरात कॉफीहाउस चालवणारे, चर्च उभारण्यात पुढे असलेले, काही काळ पालिकेत छोट्या उद्योजकांसाठी काम केलेले. निवडून यायचं पद आयुष्यात कधी भूषवलेलं नाही. त्यांना साधारण 30 टक्के मतं. दुसऱ्या क्रमांकावर वेन विल्यम्स, 19 टक्क्यांच्या आसपास. हे राज्याचे माजी सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे अख्ख्या राज्याच्या निवडणुका घेणारा माणूस, शिवाय कौन्सिलचे विद्यमान सदस्य. मुरलेले रिपब्लिकन.

16 मे 2023 ला दुसरी फेरी झाली आणि मोबोलाडे 57 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आले. शहरातले निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांची नोंदणी कुठल्याच पक्षात नव्हती. तिकडे मतदार नाव नोंदवताना पक्षही नोंदवू शकतो, किंवा 'अनअफिलिएटेड' म्हणजे कोणाचाच नाही, असं लिहू शकतो. आणि ही नोंद सार्वजनिक असते! कोणी कोणाला मत दिलं ते गुप्त, पण तुम्ही कुठल्या पक्षात नोंदलेले आहात हे कोणीही पाहू शकतं. आपल्याकडे मतदारयादीत असा रकाना ठेवला तर काय होईल, ह्याचा विचारही करवत नाही.

आता इथेच "बघा, चिन्ह काढलं आणि चांगला माणूस आला" म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील तर थांबा. चिन्ह मतपत्रिकेवर नव्हतं, शहरात होतंच. विल्यम्स कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. रिंगणात रिपब्लिकन म्हणून ओळखले जाणारे एकाहून अधिक उमेदवार होते, त्यांची मतं पहिल्या फेरीत फुटली. आपल्याला हे नवीन नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक आपण पक्षचिन्हाविनाच घेतो की! आयोग कपबशी, छत्री, शिट्टी देतो. पॅनेलला ग्रामदैवताचं नाव असतं. आणि निकालाच्या संध्याकाळी तालुक्यातले सगळे पक्ष जितक्या सरपंचांवर दावा करतात त्याची बेरीज केली तर तालुक्यातल्या गावांपेक्षा सरपंच जास्त भरतात. गोव्यात तर पालिकाही पक्षचिन्हाविना लढतात, आणि कुठलं पॅनेल कुठल्या आमदाराचं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मग फरक काय पडतो? माझ्या मते एकच पडतो. चिन्ह असलं की पक्ष नसलेल्या माहितीची जागा भरून काढतो. उमेदवार कोण, कसा, काही माहीत नसलं तरी मतदार चिन्ह बघून बटण दाबतो. चिन्ह काढलं की ती जागा रिकामी होते. आणि राजकारणात रिकामी जागा कोणीतरी भरतोच.

अमेरिकेत ही पद्धत आली ती शंभरेक वर्षांपूर्वी, सुधारकांच्या चळवळीतून. तेव्हा न्यूयॉर्कची टॅमनी हॉल आणि तशाच इतर शहरांतल्या पक्षयंत्रणा नोकऱ्या, ठेके, कोळशाची पोती वाटून मतं गोळा करत. त्यावर उतारा म्हणून पक्षाचं नाव मतपत्रिकेवरून काढा, वॉर्ड मोडून सगळ्या शहरातून सदस्य निवडा, आणि कारभार पगारी सिटी मॅनेजरकडे द्या, असं पॅकेज आलं. ओहायोतल्या डेटन शहरात 1913 च्या मोठ्या पुरानंतर हे घडलं आणि मग ठिकठिकाणी पसरलं. हेतू चांगला होता, निदान बऱ्याच जणांचा. पण भ्रष्ट का होईना, त्या यंत्रणा गरीब स्थलांतरितांना मतदानाला बाहेर काढत होत्या. यंत्रणा गेल्या, मतदार घरी बसला. वॉर्ड मोडल्यामुळे अल्पसंख्याकांच्या वस्त्यांना आपला माणूस निवडून आणणं अवघड झालं ते वेगळंच.

इलिनॉयमध्ये शँपेन आणि अर्बाना ही दोन जुळी शहरं आहेत, मधून एकच विद्यापीठ पसरलेलं. शँपेनची निवडणूक पक्षाविना, अर्बानाची पक्षांसह. अभ्यासकांनी ही दोन शहरं आणि आणखी काही ठिकाणं घेऊन तुलना केली. निघालं काय, तर पक्ष नसला की मतदान घटतं आणि लोक आधीच खुर्चीवर असलेल्याला मत देण्याकडे झुकतात. नाव ओळखीचं असतं ना. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाने देशातल्या 30 मोठ्या शहरांच्या महापौर निवडणुका तपासल्या. त्यातल्या 10 शहरांत मतदान 15 टक्क्यांच्याही खाली होतं, आणि मत देणाऱ्याचं मध्यम वय 57. म्हणजे शाळेला बाग हवी की नाही हे निवृत्त मंडळी ठरवणार.

आपल्या पालिकेला एवढ्या शिव्या देऊनही आपण रांगा लावून मतदान करतो, हे जाता जाता लक्षात असू द्या. त्यात पाकिटांचा वाटा किती, हा प्रश्न आजचा नाही.

कोलोरॅडो स्प्रिंग्जची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मला ते शहर त्यामुळेच आवडतं. कोलोरॅडोत कर वाढवायचा तर मतदारांना विचारावं लागतं. 1992 पासून राज्यघटनेतच तसं आहे. 2009 मध्ये मंदीने पालिकेची तिजोरी रिकामी झाली, मालमत्ता कर वाढवायचा प्रस्ताव आला, लोकांनी तो जोरात फेटाळला. पालिकेने काय करावं? 2010 मध्ये शहरातले जवळपास एक तृतीयांश पथदिवे बंद केले. बागांतल्या कचऱ्याच्या पेट्या उचलल्या, हिरवळीला पाणी कमी केलं, पोलिसांची हेलिकॉप्टरं विकायला काढली. आपल्या दारासमोरचा दिवा हवा असेल तर पैसे भरून 'दत्तक' घ्या, अशी योजनाही काढली. आमच्या गल्लीतही दिवे बंद असतात, पण एवढा हिशेबी अंधार मी कुठे पाहिला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून सिटी मॅनेजरची पद्धत बदलली आणि कारभार थेट निवडलेल्या महापौराकडे दिला. हा बदल मतदारांनी केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे थेट नगराध्यक्ष 2016 ला आला, पुढच्या सरकारने काढला, 2022 ला परत आला. तुम्हाला-मला कोणी विचारलं?

पुढे 2015 मध्ये जॉन सदर्स महापौर झाले. हेही रिपब्लिकन, राज्याचे माजी ॲटर्नी जनरल. रस्ते उखडलेले होते. त्यांनी लोकांपुढे प्रस्ताव ठेवला: शंभर डॉलरच्या खरेदीवर 62 सेंट जादा विक्रीकर, पाच वर्षांसाठी, फक्त रस्त्यांना. कराचं नाव काढलं की अंगावर येणाऱ्या त्याच गावाने तो मंजूर केला, आणि मुदत संपत आल्यावर थोडा कमी दराने पुढेही चालू ठेवला. का? पैसा कुठे जाणार ते ठरलेलं होतं आणि रस्ता दिसत होता. इथे पक्ष कामाला आला नाही, आडवाही आला नाही. रस्ता डांबरी करायची डेमोक्रॅट रीत वेगळी नि रिपब्लिकन वेगळी असं काही नसतं, असं तिकडे नेहमी म्हणतात ते इथे पटतं.

आता कौन्सिल. नऊ सदस्य, सहा प्रभागांतून आणि तीन अख्ख्या शहरातून. ह्याच कौन्सिलकडे वीज, गॅस, पाणी पुरवणाऱ्या पालिकेच्या कंपनीचं संचालक मंडळही असतं, म्हणजे घरोघरच्या बिलाचा दर हेच नऊ जण ठरवतात. आणि मानधन? वर्षाला 6,250 डॉलर. महिन्याला नव्हे, वर्षाला. त्यात तिथलं घरभाडं चार-पाच महिनेही निघत नाही. नोकरी करणारी आई किंवा ट्रक चालवणारा माणूस ह्या पगारावर आठवड्याचे एवढे तास कुठून देणार? मग उभे राहतात निवृत्त लोक, धंदेवाले, किंवा ज्यांच्या पाठीशी कोणी आहे ते. तिकडे बांधकाम व्यावसायिकांचा निवडणुकीतला पैसा हा कायमचा चर्चेचा विषय आहे. पक्षाची जागा रिकामी झाली की कोण बसतं, ते ह्यातून दिसतं. देणग्यांचा हिशेब मात्र जाहीर करावा लागतो. तो वाचून लोकांपुढे मांडणारं कोणीतरी लागतं.

इथे माझा स्वार्थ येतो, कारण ते "कोणीतरी" म्हणजे माझी जमात. चिन्ह नसलेल्या निवडणुकीत बारा नावांतून माणूस ओळखायला मदत करतो तो स्थानिक पत्रकार. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये 'गॅझेट' हे जुनं दैनिक आहे. पण 1993 पासून निघणारं 'इंडिपेंडंट' हे साप्ताहिक 2022 च्या शेवटी नव्या नावाखाली विलीन झालं, आणि 2023 मध्ये, ऐन निवडणुकीच्या वर्षात, पैशाअभावी त्या संस्थेला प्रकाशन थांबवावं लागलं. जिथे मतदाराला वार्ताहराची सर्वांत जास्त गरज, तिथेच वार्ताहर कमी झाले.

आणि आपल्याकडे? मी पूर्वी ज्या दैनिकात होतो तिथे निवडणुकीचं 'पॅकेज' असायचं. इतक्या रुपयांत दोन मुलाखती, चार फोटो, शेवटच्या दिवशी "वाढता पाठिंबा". ज्याने पॅकेज घेतलं नाही त्याची सभा वार्ताहराने कव्हर करायची नाही, असा तोंडी आदेश. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्या नोकरीला रामराम ठोकायचं ते एक कारण. म्हणून "पक्ष हाकला" म्हणणाऱ्यांना मी विचारतो: उद्या मतपत्रिकेवरून कमळ, पंजा, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण सगळं गेलं, तर आपल्या प्रभागातल्या सात नावांबद्दल तुम्हाला कोण सांगणार? पॅकेजवाला? व्हॉट्सॲपचा ग्रुप? की जात बघून ठरवणार? खरं सांगा.

मी चिन्हांच्या बाजूने नाही. आपल्या प्रभागातला उमेदवार ए-बी फॉर्मच्या रात्री तीन पक्ष फिरून आला, त्या चिन्हाने मतदाराला नेमकी काय माहिती दिली? शून्य. पण रिकामी जागा भरायची तयारी नसताना चिन्ह काढायला माझा पाठिंबा नाही. पुढच्या निवडणुकीत चिन्ह असो नसो, प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आणि थकीत घरपट्टी मी इथे प्रभागवार टाकणार आहे. ज्यांना राग यायचा त्यांनी आत्ताच अनफॉलो केलं तरी चालेल.

राहिली दादाची मतपत्रिका. महापौराचं नाव त्यांनी दोघांनी बसून, वादविवाद ऐकून ठरवलं. कोणाचं ते मी विचारलं नाही. शहरभरातून निवडायच्या कौन्सिलच्या तीन जागा होत्या, खाली लांबलचक यादी. दोन नावांवर त्यांचं एकमत झालं. तिसरं काही ठरेना. लायब्ररीतल्या ओळखीच्या बाईंना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी वहिनींनी तिसरी जागा कोरी ठेवून पाकीट बंद केलं, आणि दादा गाडी काढून ते पेटीत टाकून आला.